पंतप्रधान त्यांचे, मोजमाप आपले

२००४ साली लीड्स विद्यापीठ आणि 'मोरी' या संस्थेने ब्रिटनमधील राजकारण व आधुनिक इतिहासाच्या अभ्यासकांना विसाव्या शतकातील वीस पंतप्रधानांना गुण द्यायला सांगितले. १३९ जणांनी ते दिले. क्लेमंट अ‍ॅटली पहिला, विन्स्टन चर्चिल दुसरा, लॉइड जॉर्ज तिसरा आणि अगदी तळाला अँथनी ईडन, असा निकाल लागला. त्याआधी दोनच वर्षे, २००२ मध्ये, बीबीसीच्या प्रेक्षकांनी 'सर्वांत थोर ब्रिटन' म्हणून चर्चिलची निवड केली होती. अठराव्या शतकापर्यंत मागे जाणाऱ्या चर्चेत वाईटांच्या यादीत एक नाव हमखास येते, ते अमेरिका गमावणाऱ्या लॉर्ड नॉर्थचे. अलीकडे त्यात अवघे ४९ दिवस टिकलेल्या लिझ ट्रसची भर पडली आहे.

हा खेळ ब्रिटिशांना आवडतो, आणि तो निरर्थकही नाही. कोणत्या समाजाला आपल्या राज्यकर्त्यांकडून काय हवे होते, हे अशा याद्यांतून कळते. अ‍ॅटली पहिला आला तो राष्ट्रीय आरोग्यसेवा आणि कल्याणकारी राज्य यांमुळे. ईडन शेवटचा ठरला तो १९५६ च्या सुएझ प्रकरणात देशाची अब्रू गेली म्हणून. पण यातल्या कित्येक पंतप्रधानांच्या सत्तेखाली, त्यांना मत देण्याचा अधिकार नसलेली कोट्यवधी माणसेही राहत होती. या माणसांना गुणपत्रिका कधी दिली गेली नाही. २०२२ च्या ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, ऋषी सुनक यांची हुजूर पक्षाच्या नेतेपदी निवड झाली आणि दुसऱ्या दिवशी ते पंतप्रधान झाले, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटण्याचा उत्साह दिसला. त्या पदाचा आपल्याशी असलेला जुना हिशेब मात्र कुणी काढला नाही. तो मराठी मुलखापुरता काढून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तराजू आधी सांगितलेला बरा. मी तीन कसोट्या धरतो. निर्णय पंतप्रधानाच्या किंवा त्याच्या मंत्रिमंडळाच्या हातून गेला होता का? वेगळा मार्ग त्या काळातच कुणी दाखवला होता का? आणि त्याचे ओझे इथल्या कोणत्या माणसांवर पडले? दुसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आजच्या नीतीने कालच्या माणसाला फाशी देणे सोपे असते. त्याच्या समकालीनांनी त्याला काय बजावले होते हे पाहणे अधिक न्याय्य.

साहेब दिसतो, पंतप्रधान दिसत नाही

मराठी स्मरणात इंग्रजी राज्याची माणसे पुष्कळ आहेत. एल्फिन्स्टन आहे, रँड आहे, कर्झन आहे. पंतप्रधान मात्र जवळजवळ नाहीत. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा ब्रिटनचा पंतप्रधान कोण होता, असे चांगल्या वाचकाला विचारले तरी लॉर्ड लिव्हरपूल हे नाव चटकन आठवणार नाही. याचे कारण राज्ययंत्रणेतच आहे. १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने संसदेने कंपनीच्या कारभारात हात घातला, १७८४ च्या पिटच्या कायद्याने लंडनमध्ये बोर्ड ऑफ कंट्रोल आले, आणि १८५८ नंतर भारतमंत्री थेट मंत्रिमंडळात बसू लागला. म्हणजे सत्ता उत्तरोत्तर पंतप्रधानाच्या जवळ गेली, पण लोकांपुढे चेहरा राहिला तो कलेक्टरचा आणि गव्हर्नरचा. अंतराने पंतप्रधानांना एक प्रकारची माफीच मिळवून दिली.

याचा पहिला गमतीदार दाखला नॉर्थचाच. अमेरिका हातची जात असताना त्याच्याच कारकिर्दीत (१७७०–१७८२) मुंबईकर इंग्रज मराठ्यांशी भिडले होते. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली; आजची नवी मुंबई ज्या खाडीच्या काठी उभी आहे, तिच्या पलीकडचा तीर तेव्हा हातचा गेला. सुरतेचा तह, पुरंदरचा तह आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांपुढे इंग्रजी फौजेची झालेली नामुष्की, हे सारे नॉर्थ पंतप्रधान असतानाचे. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा तो पायउतार झाला होता. इंग्रजांच्या दृष्टीने तो सर्वांत वाईट. मराठी दृष्टीने मात्र इंग्रजांना शेवटचा मोठा अडसर बसला तो याच्या काळात. एकाच माणसाचे दोन निकाल लागू शकतात ते असे.

दुसरा दाखला रंगो बापूजींचा. १८३९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे झगडले. मेलबर्न, पील, रसेल, डर्बी, अ‍ॅबर्डीन असे पाच पंतप्रधान या अवधीत खुर्चीवर बसले. त्यांत व्हिग होते तसेच टोरीही होते. अर्ज झाले, सभा झाल्या, संसदेत प्रश्न निघाले; निकाल बदलला नाही, उलट मधल्या काळात सातारचे राज्यच खालसा झाले. पक्ष बदलला की न्याय बदलेल, ही पुढे आपल्या मवाळांनी उराशी धरलेली आशा रंगो बापूजींनी त्यांच्या आधी अर्धे शतक तपासून पाहिली होती. न. चिं. केळकरांनी १९१८ साली 'मराठे व इंग्रज' लिहून राज्य का गेले याची मीमांसा केली. राज्य गेल्यावर दाद कुठे मागायची, या प्रश्नाचा पहिला अभ्यासक मात्र हा सातारचा वकील होता.

ग्लॅडस्टन चांगला, डिझरायली वाईट?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी शिकलेल्या पिढीसाठी उत्तर ठरलेले होते. डिझरायलीने १८७६ मध्ये राणीला 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही पदवी मिळवून दिली आणि लिटनला व्हाइसरॉय करून पाठवले. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ पडला होता. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपलच्या सल्ल्याने दुष्काळी कामावरील मजुरी घटवली गेली आणि मुंबई इलाख्यातील मजुरांनी ती नाकारून कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवत होती. सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, खादीच्या वेषात त्या दरबारात जाऊन उभे राहिले. वेगळा मार्ग दाखवणारे कुणी नव्हते, असे म्हणायची सोयच नाही. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके बंडाकडे वळले ते हाच दुष्काळ डोळ्यांनी पाहून.

ग्लॅडस्टनने १८७८ च्या व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्टला संसदेत विरोध केला. १८८० मध्ये सत्तेवर येताच त्याने रिपनला पाठवले, आणि १८८२ मध्ये रिपनने तो कायदा रद्द केला. स्थानिक स्वराज्याचा ठरावही त्याच वर्षीचा. मराठी वृत्तपत्रांना मोकळा श्वास मिळाला. म्हणून ग्लॅडस्टन चांगला.

पण मुंबईच्या गिरण्यांच्या भोंग्याला विचारले तर उत्तर जरा वेगळे येईल. त्याच १८८२ मध्ये, त्याच रिपनच्या कारकिर्दीत, विलायती कापडावरील आयात जकात पूर्ण उठवली गेली. मँचेस्टरला हे हवेच होते आणि खुला व्यापार ही ग्लॅडस्टनची श्रद्धा होती. संपादकाला स्वातंत्र्य आणि गिरणीला स्पर्धा, दोन्ही एकाच हाताने दिले गेले. फडके एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वारले तेव्हाही पंतप्रधान ग्लॅडस्टनच होता. उदारमतवादाला त्याची स्वतःची वेस होती. ती ओलांडून तो आपल्याकडे आला नाही.

सॅलिस्बरी: विसरला गेलेला आरोपी

या यादीत ज्याच्यावर सर्वांत कमी चर्चा होते आणि सर्वांत जास्त व्हायला हवी, तो लॉर्ड सॅलिस्बरी. तीन वेळा मिळून तेरा वर्षांहून अधिक काळ तो पंतप्रधान होता. ब्रिटनमध्ये त्याची प्रतिष्ठा आजही मोठी आहे: संयमी, चतुर, परराष्ट्र व्यवहारात मुरलेला. मराठी मुलखाच्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे काय काय जमा आहे ते पाहावे.

भारतमंत्री असताना त्याच्या काळात, १८७६ मध्ये, सनदी परीक्षेची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचा निर्णय झाला. परीक्षा लंडनला, एकोणीस वर्षांच्या आत इथल्या मुलाने समुद्र ओलांडून ती द्यायची, म्हणजे दार उघडे ठेवून उंबरठा उंच करणे. १८८८ मध्ये एडिंबरोच्या भाषणात, पंतप्रधान या नात्याने, त्याने दादाभाई नौरोजींचा उल्लेख काळा माणूस म्हणून केला आणि इंग्रज मतदारसंघ अशा माणसाला निवडणार नाही असे सुचवले. १८९२ मध्ये मध्य फिन्सबरीने दादाभाईंना निवडले, तेही अवघ्या पाच मतांनी. दादाभाई काही तसे काळे नव्हते, यावर तेव्हा बरीच चेष्टा झाली. पण चेष्टेच्या आड मुद्दा राहून गेला: पंतप्रधानाला रंगाची नव्हे, बरोबरीची अडचण होती.

खरा हिशेब १८९५ ते १९०२ चा आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसला, कारण विलायती कापडावर तेवढीच जकात होती आणि मँचेस्टरला बरोबरी हवी होती. स्वतःच्या देशात, स्वतःच्या कापडावर हा दंड १९२६ पर्यंत पूर्णपणे हटला नाही. १८९६ च्या अखेरीस प्लेग आला. १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यातील घरझडत्या, २२ जून १८९७ ला रँडवर झालेला हल्ला, १८२७ च्या जुन्या नियमाखाली नातू बंधूंना विनाचौकशी अटक, आणि सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा, हे सारे एका वर्षातले. त्याच्या अलीकडे-पलीकडे १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ.

सॅलिस्बरीचा बचाव असा करता येईल की तो बहुतेक काळ परराष्ट्रखातेही स्वतःच सांभाळत होता आणि भारत त्याने भारतमंत्री हॅमिल्टनवर सोपवला होता. हा बचाव नव्हे, कबुली झाली. कारण भारत त्याला माहीत नव्हता असे नाही. तो स्वतः दोनदा भारतमंत्री होता. १८६६ च्या ओरिसा दुष्काळात, नव्याने भारतमंत्री झालेला असताना, आपण दोन महिने काहीच केले नाही, याची खंत त्याने पुढे बोलून दाखवली होती. निष्क्रियतेची किंमत काय असते हे ब्रिटनच्या ज्या पंतप्रधानाला अनुभवाने ठाऊक होते, त्याच्याच अमदानीत ती किंमत पुन्हा दोनदा मोजली गेली. दुसऱ्या कसोटीवर तो इथेच नापास होतो.

उदारांचा तुरुंग

१९०६ पासून लिबरल पक्ष पूर्ण बहुमताने सत्तेवर होता. गोखल्यांनी भारतमंत्री जॉन मोर्ले याच्यावर भिस्त ठेवली. मोर्ले म्हणजे ग्लॅडस्टनचा शिष्य आणि चरित्रकार. एप्रिल १९०८ मध्ये अ‍ॅस्क्विथ पंतप्रधान झाला आणि तीन महिन्यांनी, २२ जुलैला, टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. पुढच्या वर्षी मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या. एका हाताने कौन्सिल आणि दुसऱ्याने मंडाले, ही लिबरलांची खास रीत. लॉइड जॉर्जच्या काळात तिची पुनरावृत्ती झाली: १९१७ ची माँटेग्यूची घोषणा आणि १९१९ चा रौलट कायदा. ब्रिटिश यादीत तिसरा आलेला हा पंतप्रधान १९२२ मध्ये सनदी नोकरशाहीला पोलादी चौकट म्हणून मोकळा झाला.

मॅक्डोनल्ड: मित्राचे सरकार

रॅम्से मॅक्डोनल्ड हा भारताचा मित्र समजला जात असे, आणि ते उगीच नव्हते. १९१० मध्ये त्याने भारतातील जागृतीवर पुस्तक लिहिले; १९१२ नंतरच्या लोकसेवा आयोगावर तो गोपाळ कृष्ण गोखल्यांचा सहकारी होता. १९२९ मध्ये तो दुसऱ्यांदा पंतप्रधान झाला.

पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरण तालुक्यातील चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. आगरी, कोळी, कातकरी समाजातली माणसे कुऱ्हाड-कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली होती. जंगलावरचा आपला हक्क बजावणे एवढेच त्यांचे मागणे. गोळीबार झाला आणि नाग्या महादू कातकरी यांच्यासह आठ सत्याग्रही मारले गेले. नवी मुंबईच्या दक्षिणेला आज जिथे बंदर, गोदामे आणि विमानतळाची धांदल आहे, त्या परिसराचे ब्रिटिश पंतप्रधानाशी सर्वांत थेट नाते हे आहे. सोलापुरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याच आठवड्यात लंडनला पहिली गोलमेज परिषद समारोपाकडे येत होती. १९ जानेवारीला मॅक्डोनल्डने तिच्यात भारताच्या भवितव्यावर भाषण केले.

एवढ्यावर निकाल द्यायचा तर तो सोपा आहे. पण त्याच गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले होते. ऑगस्ट १९३२ च्या मॅक्डोनल्डच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघातून ७१ जागा दिल्या. राष्ट्रीय पत्रांनी याला फोडा-झोडा म्हटले. गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्यात उपोषण आरंभले आणि २४ तारखेला पुणे करार झाला. राखीव जागा १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, यावर आजही एकमत नाही. पण दलित राजकारणाच्या वहीत मॅक्डोनल्डची नोंद वेगळ्या शाईने होते, हे मान्य केलेच पाहिजे. तोवर त्या समाजाच्या राजकीय अस्तित्वाला इतकी स्पष्ट मान्यता दुसऱ्या कोणी दिली नव्हती. हेतू फुटीचा असेल, तरी ज्याच्या हाती काही पडले त्याने ते का नाकारावे?

'मराठी तराजू' असा एकच तराजू नाही, हे इथे लक्षात येते. चिरनेरचा, सोलापूरचा आणि बाबासाहेबांच्या अनुयायांचा मॅक्डोनल्ड एकच माणूस होता. पण तिघांचा अनुभव एका गुणात बसवता येत नाही. ब्रिटिश याद्यांवर आपला जो आक्षेप आहे, तोच आपल्यावर उलटू द्यायचा नसेल, तर हा भेद लपवून चालणार नाही.

चर्चिल आणि अ‍ॅटली

चर्चिल १८९६ मध्ये तरुण लष्करी अधिकारी म्हणून मुंबईत उतरला तो ससून डॉकच्या पायऱ्यांवर खांदा निखळवून घेऊनच. ते दुखणे त्याला जन्मभर पुरले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. भारताविषयीची त्याची मतेही जणू त्याच वर्षी गोठली. गांधीजींविषयीची त्याची हेटाळणी, १९३५ च्या कायद्याला केलेला विरोध आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात धान्याच्या जहाजांबाबत त्याच्या मंत्रिमंडळाने दाखवलेला हात आखडता, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. संपूर्ण भारताचा विचार केला तर त्याच्याइतके काळे खाते शोधणे कठीण. मराठी मुलखात ऑगस्ट १९४२ च्या अटका, चिमूर-आष्टीचे दमन, साताऱ्याच्या प्रतिसरकारचा पाठलाग त्याच्या काळातले. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि शहर तगले. म्हणून आपल्या मर्यादित हिशेबात मी त्याला सॅलिस्बरीच्या खाली ढकलत नाही. चर्चिल बोलत असे, म्हणून पकडला गेला. सॅलिस्बरी गप्प राहिला आणि सुटला.

अ‍ॅटली ३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन कमिशनचा सदस्य म्हणून मुंबईत उतरला तेव्हा काळ्या निशाणांनी त्याचे स्वागत झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात बाबासाहेबांनी या कमिशनपुढे साक्ष दिली. बहिष्कार घालणारे आणि साक्ष देणारे, असा दोन्ही प्रकारचा महाराष्ट्र ज्याच्या कमिशनसमोर आला, असा पंतप्रधान हा एकच. जुलै १९४५ मध्ये तो सत्तेवर आला. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये कॅबिनेट मिशनची घोषणा झाली. उठाव मोडताना मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे मेली. मिशनच्या योजनेत सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख एवढेच गट धरले गेले. दलितांना स्वतंत्र स्थान नव्हते. त्याविरुद्ध जुलै १९४६ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह केला आणि बाबासाहेब त्या वर्षाअखेरीस लंडनला जाऊन अ‍ॅटलीला आणि विरोधी पक्षात बसलेल्या चर्चिललाही भेटले. हाती फारसे काही आले नाही. पुढे जून १९४८ ची मुदत ऑगस्ट १९४७ वर आली, आणि त्या घाईची किंमत पंजाब व बंगालने मोजली.

तरीही अ‍ॅटलीचे एक वेगळेपण उरते. बाकीच्यांनी सत्ता वाटून दिली, लांबणीवर टाकली किंवा सजवली. त्याने ती सोडायची तारीख सांगितली आणि पाळली.

निकाल

तेव्हा माझ्या यादीत अ‍ॅटली पहिला, पण ब्रिटिशांइतक्या गुणांनी नव्हे. ग्लॅडस्टन दुसरा, गिरण्यांची बाकी वजा करून. मॅक्डोनल्डला एक जागा देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्याच्या नावापुढे दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात. तळाला सॅलिस्बरी, आणि त्याच्या अगदी जवळ चर्चिल व डिझरायली.

कुणी म्हणेल, राज्य जाऊन पाऊण शतक झाले, आता ही गुणपत्रिका कशाला? उत्तर साधे आहे. दूरच्या राजधानीत बसलेला, सुशिक्षित, सभ्य आणि बहुधा हेतूने वाईट नसलेला माणूस, आपल्याला न दिसणाऱ्या लोकांविषयीचा निर्णय दुसऱ्यावर सोपवतो आणि पुढच्या कामाला लागतो, ही गोष्ट साम्राज्याबरोबर संपलेली नाही. चिरनेरच्या डोंगरापासून सत्ता आजही दूरच आहे. फक्त तिचा पत्ता बदलला. राज्यकर्त्याला गुण देताना तो काय बोलला याच्या आधी, त्याला काय माहीत होते आणि माहीत असूनही त्याने कोणाला वाट पाहायला लावले, हे विचारण्याची सवय आपल्याला लागली, तर त्या जुन्या पंतप्रधानांचा इतका उपयोग पुरे आहे.